चालकाने बोलायचं कुणाशी? : रेल्वेमंत्र्यांना बदनापूरहून खुले पत्र

प्रति,
मा. श्री. अश्विनी वैष्णव,
रेल्वेमंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय : रुळावर माणूस गेल्यानंतर गाडी चालवणाऱ्याची विचारपूस, गुप्तपणे आणि त्याच्याच सोबत्यांकडून व्हावी, याबाबत.

महोदय,


८ मे २०२० रोजी आपण रेल्वेमंत्री नव्हता. पण त्या पहाटेची नोंद आपल्या खात्याच्या दप्तरात आहे आणि तिच्यात आमच्या गावाचं नाव आहे. रेल्वे मंत्रालयाने त्या सकाळी सांगितलं ते एवढंच : परभणी-मनमाड मार्गावर बदनापूर आणि करमाड या स्थानकांच्या दरम्यान रुळावर काही मजूर दिसल्यावर मालगाडीच्या लोको पायलटने गाडी थांबवायचा प्रयत्न केला, पण शेवटी गाडीची धडक बसलीच, जखमींना औरंगाबादच्या रुग्णालयात हलवलं आहे, चौकशीचा आदेश दिला आहे.

सोळा मजूर गेले. मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतली ही माणसं जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होती. टाळेबंदीत हाताला काम राहिलं नाही. भुसावळहून गावाकडची गाडी मिळेल या आशेने ती आदल्या संध्याकाळी जालन्यातून पायी निघाली, आमच्या गावावरून पुढे गेली आणि करमाडच्या अलीकडे थकून रुळावरच आडवी झाली. गाड्या बंद आहेत असा त्यांचा समज होता. प्रवासी गाड्या बंद होत्याच, मालगाड्या चालू होत्या. सव्वापाचच्या सुमारास मनमाडजवळच्या पानेवाडीला निघालेली रिकाम्या टँकरची गाडी आली. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो पुढे देशभर छापून आला.

त्या मजुरांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं, आणि ते व्हायलाच हवं होतं. मला लिहायचं आहे ते त्या इंजिनात बसलेल्या दोघांबद्दल. त्या दिवसाच्या बातम्यांत त्यांच्या वाट्याला एकच वाक्य आलं : थांबवायचा प्रयत्न केला. त्या वाक्याच्या पुढे त्यांचं काय झालं, कुणी त्यांच्याशी बोललं का, किती दिवसांनी ते पुन्हा त्याच मार्गावर गाडी घेऊन गेले, हे कुठल्या वार्ताहराने विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. आम्ही गावकऱ्यांनीही विचारलं नाही. आम्ही पाणी, बिस्किटं, चादरी घेऊन धावलो ते रस्त्याने चाललेल्या मजुरांसाठी. गाडीवाला आमच्या हिशोबात नव्हता.

गाडी थांबवायचा प्रयत्न म्हणजे काय, हे रुळापासून लांब राहणाऱ्याला नीट कळत नाही. लोखंडी चाक लोखंडी रुळावर घासून थांबायला अंतर लागतं. वेगात असलेल्या भरल्या मालगाडीला किलोमीटरभर, कधी त्याहूनही जास्त. इंजिनाचा दिवा काही शे मीटर दाखवतो. म्हणजे अंधारात किंवा झुंजुमुंजू वेळी रुळावर माणूस दिसला, त्याच क्षणी इमर्जन्सी ब्रेक मारला, शिट्टीवरचा हात काढला नाही, सगळं नियमाप्रमाणे झालं, तरी गणित आधीच ठरलेलं असतं. मोटारवाल्याला निदान स्टिअरिंग फिरवता येतं. इथे ब्रेक लावून झाल्यावर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. उरतं ते समोर पाहत राहणं.

मी बदनापूरच्या बाजूच्या एका शाळेत शिक्षक होतो. माझा एक विद्यार्थी आज मालगाडीवर लोको पायलट आहे. त्याचं नाव, विभाग, हजेरीची लॉबी यांतलं काहीही इथे येणार नाही. का येणार नाही, ते पत्र पुढे वाचलं की आपल्याला कळेल. मोसंबीच्या आंबे बहाराच्या दिवसांत तो घरी आला होता. बागेत ठिबकच्या नळ्या तपासत आम्ही दोघं फिरत होतो आणि तो बोलत होता, माझ्याकडे न बघता.

“सर, आवाज वेगळा येतो,” तो म्हणाला. “म्हैस लागली तर वेगळा, माणूस लागला तर वेगळा. माझा असिस्टंट नवा पोरगा होता. मी त्याला म्हटलं, डोळे मीट. त्याने मिटले. मला मिटता आले नाहीत.”

मग काय झालं, असं मी विचारलं. मग काही नाही झालं, सर. वॉकीटॉकीवर गार्डला सांगितलं (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण बोलताना अजून गार्डच). पुढच्या स्टेशनवर मेमो दिला : किलोमीटर अमुक, वेळ अमुक, शिट्टी वाजवली, ब्रेक लावला. गाडी पुढे नेली. रनिंग रूममध्ये जेवण मागवलं आणि ताट तसंच ठेवलं. विश्रांतीचे तास भरले, लॉबीत गेलो, नळीत फुंकलं, शून्य आलं, सही केली, दुसरी गाडी घेतली.

नळीत फुंकल्यावर दारू कळते. बाकीचं कळत नाही. त्यानंतर बरेच दिवस रुळावर उडून आलेली पांढरी प्लास्टिकची पिशवी दिसली तरी त्याचा हात ब्रेककडे जायचा. फाटक नसलं तरी तो लांबलचक शिट्टी द्यायचा. असिस्टंटने एकदा विचारलं, “दादा, काय झालं?” तर तो म्हणाला, “काही नाही, गुरं दिसली.” घरी बायकोला सांगितलं पित्त झालंय. रेल्वेच्या डॉक्टरला सांगितलं कंबर दुखते, आणि त्या कंबरेवर दोन दिवस सिक मिळाली. झोप येत नाही हे मात्र कुणालाच सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याचं उत्तर त्याने हिशोबनीसासारखं दिलं. झोप येत नाही म्हटलं की कागद होतो. कागद झाला की मेडिकल. गाडी चालवायला ए-वन श्रेणी लागते. ती गेली की इंजिन गेलं, आणि इंजिनासोबत किलोमीटरचा भत्ता गेला. मूळ पगार राहतो, पण संभाजीनगरच्या फ्लॅटचा हप्ता त्या भत्त्यावर बेतलेला. शिवाय लॉबी केवढीशी, सर. सकाळी डॉक्टरकडे गेलेला माणूस संध्याकाळपर्यंत ‘त्याचं जरा सटकलंय’ होतो. मग कुठलाही सिग्नल चुकला, कुठेही दोन मिनिटं उशीर झाला, की बोट त्याच्याकडेच.

महोदय, हा माणूस वेडा नाही, नालायक नाही आणि खोटारडाही नाही. त्याला खरं बोलणं परवडत नाही, एवढंच.

हेच दुखणं विमानवाल्यांनाही आहे. त्यांनी त्याची किंमत फार मोठी मोजली आणि मगच त्यांचे डोळे उघडले. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून डुसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान फ्रान्समधल्या आल्प्स पर्वतात सहवैमानिकाने जाणूनबुजून खाली नेलं. १५० माणसं मेली. पुढच्या मार्च महिन्यात फ्रेंच तपास संस्थेचा अहवाल आला. सहवैमानिकाचं आजारपण डॉक्टरांना माहीत होतं, पण कंपनीला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सुट्टीच्या चिठ्ठ्या त्याने दडवल्या होत्या. त्याने आजार का लपवला असावा, याची कारणं अहवालात आहेत : परवाना जाईल ही भीती, आणि परवाना गेला तर कमाई बुडेल त्याची भरपाई करणारा विमा नसणं.

माझ्या विद्यार्थ्याचा हिशोब आणि त्या अहवालातली ओळ एकमेकांशेजारी ठेवून पाहा. माणसं अगदी वेगळी आहेत, त्यांची प्रकृती वेगळी, हेतू वेगळा. एक भीषण गुन्हा करणारा, दुसरा रुळावरच्या अनोळखी माणसासाठी रात्र जागणारा. पण दोघांची तोंडं बंद ठेवणारी गोष्ट तीच : सांगितलं तर पोटावर पाय येईल.

म्हणून त्या अहवालाने नुसत्या तपासण्या वाढवा असं सांगितलं नाही. तपासणीच्या खोलीत माणूस खरं सांगत नाही, हेच तर दिसलं होतं. शिफारस होती ती सहकाऱ्यांच्या आधाराची. वैमानिकाने वैमानिकाशी बोलायचं. ऐकणारा प्रशिक्षण घेतलेला, पण डॉक्टर नाही आणि वरिष्ठ तर मुळीच नाही. बोललेलं कंपनीच्या फाइलीत जात नाही. ऐकणाऱ्याच्या पाठीशी मानसोपचारतज्ज्ञ असतो, त्याला तो गरजेप्रमाणे विचारतो. व्यवस्थापनाला कळतं ते एवढंच, की या तिमाहीत साधारण कशा प्रकारचे प्रश्न आले. कुणाचे, ते नाही. जर्मनीतल्या वैमानिकांनी तर ‘स्टिफ्टुंग मेडे’ नावाची संस्था १९९४ सालीच उभी केली होती. जर्मनविंग्जनंतर युरोपीय संघाने २०१८ मध्ये नियम केला आणि फेब्रुवारी २०२१ पासून प्रत्येक विमान कंपनीला अशी सोय करणं बंधनकारक झालं.

आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मानसिक आरोग्याबद्दल परिपत्रक काढलं. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. त्यानंतर चौथ्या दिवशी, १६ जूनला, त्या कंपनीच्या ११२ वैमानिकांनी आजारपणाची रजा टाकली. हा आकडा आपले सहकारी, पुण्याचे मुरलीधर मोहोळ यांनीच जुलै महिन्यात लोकसभेत दिला, आणि त्याच उत्तरात कंपन्यांना सहकारी-आधार गट नेमण्याची सूचना असल्याचंही सांगितलं. मला या आकड्यातली एक गोष्ट विशेष वाटते. ते ११२ जण त्या विमानात नव्हते. त्यांनी काही पाहिलं नव्हतं. तरी त्यांना उडवत नव्हतं, आणि ‘नाही जमत’ म्हणायची निदान वाट त्यांना होती. ज्याने स्वतःच्या काचेतून पाहिलं, त्याला मात्र पुढच्या स्टेशनवर मेमो द्यायचा आणि गाडी पुढे न्यायची.

विमानांत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. परिपत्रक निघालं म्हणून विश्वास निर्माण होत नाही. वैमानिकही अजून मेडिकलच्या धास्तीने गोष्टी पोटात ठेवतात. पण त्यांच्या नियमाच्या पुस्तकात निदान एवढं कबूल झालं आहे, की चालवणाऱ्याचं मन हा सुरक्षेचा भाग आहे, आणि ते शिस्तीच्या बडग्याने उघडत नाही.

रेल्वेला याची गरज विमानांपेक्षा जास्त आहे, असं माझं म्हणणं आहे. बहुतेक वैमानिक सगळी नोकरी करून एकही माणूस दगावलेला न पाहता निवृत्त होतात. लोको पायलटची गोष्ट उलटी. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ आणि २०२३ च्या अहवालांत रेल्वे अपघातांतले मृत्यू दर वर्षी वीस हजारांच्या वर आहेत, त्यांत मोठा भाग गाडीतून पडलेल्यांचा आणि रुळावर गाडीखाली आलेल्यांचा, आणि आपला महाराष्ट्र त्या यादीत वरच्या जागी. डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं, की रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसं मरतात आणि त्यांतली सुमारे सहा हजार एकट्या मुंबईच्या उपनगरी मार्गांवर. समितीने त्याला कत्तल म्हटलं होतं. या प्रत्येक आकड्याच्या समोर, इंजिनाच्या काचेमागे, एक किंवा दोन माणसं बसलेली होती. त्यांची बेरीज कुणी केली नाही.

जग त्यांच्याकडे कसं पाहतं तेही सांगतो. १९ ऑक्टोबर २०१८ च्या दसऱ्याला अमृतसरला रावणदहन पाहत रुळावर उभ्या असलेल्या साठच्या आसपास माणसांवरून गाडी गेली. चालकाने लेखी जबाब दिला : शिट्टी वाजवत होतो, ब्रेक लावला, गाडी थांबत आली तशी दगडफेक सुरू झाली, म्हणून प्रवाशांसाठी पुढे नेली. काही दिवसांतच, त्याने जीव दिला अशी खोटी बातमी मोबाइलवरून देशभर फिरली आणि ती खोटी आहे हे रेल्वेला जाहीर करावं लागलं. जिवंत माणसाच्या मरणाची बातमी लोकांनी चवीने एकमेकांना पाठवली. तो कसा आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही.

आणि मुंबई. फेब्रुवारी २०२४ मध्ये भायखळा आणि सँडहर्स्ट रोडच्या दरम्यान एका मोटरमनचा रुळावर मृत्यू झाला. त्याच्याकडून आधी लाल सिग्नल ओलांडला गेला होता आणि कारवाईच्या भीतीने तो खचला होता, असं त्याचे सोबती सांगत होते. मृत्यू कशाने झाला याचा निवाडा मी करणार नाही. पण दुसऱ्या दिवशी मोटरमननी जादा काम केलं नाही, लोकलच्या फेऱ्यांमागून फेऱ्या रद्द झाल्या, प्रवासी फलाटावर ताटकळले आणि संतापले. भीती पोटात घेऊन फिरणारा माणूस हा त्याचा खाजगी प्रश्न नसतो, हे मुंबईला त्या एका दिवसात कळलं. दुसऱ्या दिवशी विसरलंही.

रेल्वे काहीच करत नाही असं नाही. असिस्टंट लोको पायलटच्या भरतीला ‘सायको’ असते, पोरं तिची रात्रंदिवस तयारी करतात. त्या परीक्षेत नजर, लक्ष, पाहून ओळखण्याचा वेग हे सगळं मोजलं जातं, आणि ते योग्यच. रनिंग स्टाफच्या कुटुंबीयांना बोलावून चर्चासत्रं होतात. तिथे बायकांना सांगतात, यांना ड्यूटीच्या आधी नीट झोपू द्या, घरातल्या कटकटी सांगू नका. माझ्या विद्यार्थ्याची बायको अशा एका सत्राला जाऊन आली आणि हसून म्हणाली, “सर, झोप माझ्या हातात असती तर मीच दिली असती.” सरकारची टेलिमानस ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवाही ऑक्टोबर २०२२ पासून आहे, चांगली आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या कुणाला रात्री जड जात असेल तर त्याने तो नंबर जरूर फिरवावा. पण पलीकडच्या माणसाला होम सिग्नल, लूप लाइन, रन ओव्हर, मेमो हे समजावण्यातच पहिली पंधरा मिनिटं जातात, आणि इंजिनवाल्याला तेवढा धीर नसतो. ज्याने तो आवाज स्वतः ऐकलाय, त्याला काहीच समजवावं लागत नाही.

मग काय करावं? मी साधा मास्तर आहे, पण मुलांचं मौन ओळखण्यात आयुष्य गेलंय, त्या बळावर लिहितो.

पहिली गोष्ट, रुळावर माणूस गेला की त्या गाडीचा चालक आणि असिस्टंट दोघांनाही पुढच्या क्रू बदलाच्या ठिकाणी आपोआप उतरवावं, आणि काही दिवसांची भरपगारी, भत्त्यासकट विश्रांती द्यावी. आपोआप हा शब्द आपण जरूर अधोरेखित करावा. विश्रांती मागून मिळत असेल तर मागणारा डोळ्यांत भरतो. म्हणून कणखर दिसायची हौस असलेला मागत नाही, आणि ज्याला सर्वांत जास्त गरज आहे तो तर मागतच नाही. सगळ्यांनाच मिळाली की कुणावर शिक्का बसत नाही. गाड्यांचं काय, चालक आधीच कमी आहेत, असं आपले अधिकारी म्हणतील. खरं आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये लोको पायलटांनी ३६ तासांचं उपोषण केलं, त्यांच्या मागण्यांत पुरेशी विश्रांतीही होती. पण माणसं कमी आहेत म्हणून हादरलेल्या माणसाच्या हातात हजारो टनांची गाडी द्यायची, हा हिशोब मला पटत नाही, आणि आपल्यालाही पटणार नाही.

दुसरी गोष्ट, सोबती. ते कोण असावेत यावर सगळं अवलंबून आहे. लोको इन्स्पेक्टर नको. तो कितीही मायाळू असला तरी वर्षअखेरीस तोच अहवाल लिहितो. त्याच लॉबीतला मित्रही नको, कारण लॉबीतल्या भिंतींना कान असतात. नांदेड विभागातल्या माणसाचा फोन सोलापूर किंवा भुसावळ विभागातल्या माणसाने घ्यावा, आणि तिकडचा इकडे यावा. नुकते निवृत्त झालेले लोको पायलट यासाठी सोन्यासारखे आहेत. त्यांना कुणाचं प्रमोशन अडवायचं नसतं, कुणाची मर्जी राखायची नसते, आणि वेळ असतो. त्यांना ऐकायचं कसं, काय बोलायचं नाही, धोक्याची खूण कुठली, हे शिकवायला बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. क्रू मॅनेजमेंटच्या संगणकात या फोनची एक ओळही जाता कामा नये. तिथे गेली की संपलं.

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त रेल्वे अधिकाऱ्याने यावर मला सरळ विचारलं, “मास्तर, माणूस गाडी चालवायच्या लायक नाही हे माहीत असून गुप्त ठेवायचं? मागे दीड हजार प्रवासी बसलेत.” प्रश्न रास्त आहे, तो टाळून चालणार नाही. विमानवाल्यांनी यावर मर्यादा आखली आहे, आणि ती फोनच्या सुरुवातीलाच सांगितली जाते : तुझ्या किंवा दुसऱ्यांच्या जिवाला उघड धोका दिसला तर मी गप्प बसणार नाही, आणि तेही तुला आधी सांगून करीन. बाकी सगळं आपल्या दोघांत. पण त्या अधिकाऱ्यांना मी एक उलट प्रश्न केला. आज तो माणूस कुठे आहे? आज तो कुणालाच काही न सांगता इंजिनातच बसलेला आहे. प्रवासी त्याच्या मागेच बसलेत. गुप्ततेने त्याला तिथे नेऊन बसवलं नाही, तो आधीपासून तिथेच आहे. गुप्तता फक्त त्याला स्वतःहून खाली उतरायला एक पायरी देते. ते काही वेळ बोलले नाहीत, मग चहा मागवला आणि विषय बदलला. त्यांना पटलं असं मी म्हणणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि तिच्याशिवाय पहिल्या दोन्ही कोरड्या. काही महिने इंजिनापासून दूर राहावं लागलं तर किलोमीटरचा भत्ता मागच्या वर्षाच्या सरासरीने चालू ठेवावा. नोकरीत असताना अपंगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही की त्याचा दर्जा खाली आणता येत नाही, असं २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं २० वं कलम सांगतं, आणि मानसिक आजार त्या कायद्यात येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या २३ व्या कलमाने रुग्णाला गुप्ततेचा हक्क दिला आहे. म्हणजे संसदेने आपलं काम केलंय. रेल्वे बोर्डाने त्याचं एक परिपत्रक करायचं आहे, आणि ते प्रत्येक लॉबीत, हजेरीच्या संगणकाशेजारी, मराठीत आणि हिंदीत लावायचं आहे. सेफ्टी बुलेटिनमध्ये अठराव्या पानावर नव्हे.

गार्ड आणि स्टेशन मास्तरही यात यावेत. आणि ट्रॅकमन तर नक्कीच, कारण गाडी पुढे जाते तेव्हा रुळावरचं उचलायला जे हात लागतात ते त्यांचे असतात. त्यांची विचारपूस कुठल्याच देशात पुरेशी होत नाही. तरी ब्रिटनमध्ये नेटवर्क रेल आणि समॅरिटन्स ही संस्था २०१० पासून एकत्र काम करत आहेत : रुळाशी आलेल्या खचलेल्या माणसाशी बोलायला कर्मचाऱ्यांना शिकवतात, आणि ज्यांनी असा मृत्यू पाहिला त्या कर्मचाऱ्यांनाही आधार देतात. दोन्ही कामं एकाच हाताने होतात, हे मला त्यातलं शहाणपण वाटतं.

कवच यंत्रणेवर आपण मन लावून काम करता आहात, ते सगळ्यांना दिसतं. कवच लाल सिग्नल ओलांडू देणार नाही, समोरून येणाऱ्या गाडीला धडकू देणार नाही. पण रुळावर बसलेला माणूस कवचाला दिसत नाही. तो दिसतो फक्त चालकाला. मी मागतोय त्याला कवचाच्या पासंगालाही पुरेल एवढा पैसा लागणार नाही. काही फोन, शंभरेक निवृत्त माणसं, निम्हान्सचं प्रशिक्षण, आणि बोर्डाचा शब्द. यातला शब्दच सगळ्यात महाग आहे, हे मलाही कळतं.

आमच्या जिल्ह्याचे रावसाहेब दानवे २०२१ ते २०२४ या काळात आपल्याच खात्यात राज्यमंत्री होते. तेव्हाच हे पत्र लिहायला हवं होतं, असं गावातले काही जण म्हणतात. पण तेव्हा आमच्या सगळ्यांच्या अर्जात थांबे, फलाट आणि पूल होते. चालक कुणाच्याच अर्जात नव्हता.

सुरुवात कुठून करावी, असं आपण विचाराल, तर नांदेड विभागातून करा. बदनापूर आणि करमाड हा टप्पा त्याच विभागात येतो. एक वर्ष चालवून पाहा. किती फोन आले ते मोजा, कुणाचे आले ते मोजू नका. पहिले सहा महिने फोन आलेच नाहीत तर ‘गरजच नव्हती’ असा शेरा मारून फाइल बंद करू नका. भीती इतक्या लवकर जात नसते. आणि ८ मे २०२० च्या त्या गाडीवर जे दोघं होते, ते आज जिथे कुठे असतील तिथे त्यांना एक साधं पत्र जावं, रेल्वे बोर्डाकडून : तुमची चूक नव्हती, बोलावंसं वाटलं तर हा क्रमांक. त्यांची नावं वृत्तपत्रांना देऊ नयेत.

उत्तराची वाट पाहतो. उत्तर मराठीत नसलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
बदनापूर, जि. जालना

ता. क. : मुंबईची वंदे भारत बदनापूरला थांबावी, या मागणीवर सह्या गोळा करणाऱ्यांनी मला हे पत्रही त्याच अर्जाला जोडायला सांगितलं होतं. मी नाही म्हटलं. तो अर्ज वेगळा येईल.